राजाच्या खुणेचं लाकूड

जानेवारीच्या अखेरीस तीन दिवस सारखा बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी सकाळी थर्लोंच्या गोठ्याचं छप्पर खाली बसलं. आवाज फारसा झाला नाही. केझाया चुलीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करत होती. तिला वाटलं, आतल्या खोलीत सासऱ्यांच्या हातून स्टूल पडलं असेल. प्रार्थना अर्धी सोडून उठायचं नाही हा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. ती पुरी करून ती दाराबाहेर आली तेव्हा नवरा, जोथम, कमरेइतक्या बर्फात फावड्यानं वाट काढत होता. गाय आणि बैलजोडी कोपऱ्यातल्या तुळईखाली वाचली होती. एक मेंढी मात्र दबून गेली होती.

"तुझं आमेन होईस्तोवर तिला दम निघाला नाही," जोथम एवढंच म्हणाला. रागानं नाही, पण म्हणाला.

ते वाक्य केझायाला बरेच दिवस पुरलं.

गोठ्याला छप्पर हवं होतं, आणि ते वसंत लागायच्या आत हवं होतं. गाय एप्रिलमध्ये विणार होती. उरलेलं गवत ओलं झालं असतं तर बैल पेरणीला उभे राहिले नसते, आणि त्या खडकाळ उतारावर बैल नाहीत म्हणजे मका नाही. लाकडाचा तुटवडा कुठेच नव्हता. गोठ्यामागेच पांढऱ्या पाईनची तीन झाडं होती, दोघांनी कवळ घातली तरी हात पुरू नयेत अशी. पण एक हात जाडीच्या वरचा पांढरा पाईन कुणाच्याही रानात उभा असला तरी तो इंग्लंडच्या राजाचा, असा या वसाहतीत कायदा होता. राजाच्या आरमाराला डोलकाठ्या लागत. आधी किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथ शहरी अर्ज धाडायचा, मग सरकारी मोजणीदार येणार, राजासाठी हवी ती झाडं राखणार, आणि उरलेल्यांचा परवाना देणार. जोथमनं गेल्या शरदातच अर्ज धाडला होता, कारण छपराची तुळई तेव्हाच कुरकुरत होती. अर्जाचं उत्तर आलं नाही, बर्फ आला.

तिघांतल्या सर्वांत उंच झाडावर तर खूण होती. कुऱ्हाडीचे तीन घाव, कावळ्याच्या पावलासारखे. त्याला राजाचा बाण म्हणत. सासरे एलिफलेट सांगत की पंधरा वर्षांमागं एक घोडेस्वार आला, खाली न उतरताच घाव घातले, सफरचंदाचं सायडर मागून प्यायला आणि गेला.

"पंधरा वर्षं राजाला डोलकाठीची आठवण नाही," म्हातारा म्हणायचा. "मी त्याच्यासाठी फ्रेंचांशी लढलो, या पायाची दोन बोटं गेली. मला बोटं परत नकोत. माझं झाड तेवढं द्या म्हणावं."

फेब्रुवारीत जोथमनं तिन्ही झाडं पाडली.

लाकूड चिरायच्या कारखान्यावर ओंडके न्यायची सोय नव्हती. पाणचक्कीच्या करवतीवर मोजणीदाराची माणसं कधीही येऊन ओंडके तपासत. म्हणून घरामागे जुन्या तळघराचा खड्डा उकरून साफ केला, वर दोन आडवे वासे टाकले, आणि बैलांनी ओढून आणलेला ओंडका त्यावर चढवला. जोथम वर उभा राहिला. खाली खड्ड्यात, दोघांनी ओढायच्या लांब करवतीच्या दुसऱ्या टोकाला, केझाया.

वरच्याचं काम नजरेचं, खालच्याचं काम अंगाचं. करवत वरून येते ती आपल्या भारानं, पण दात लाकडात बसतात ते खालचा ओढतो तेव्हा. तिनं डोक्याला फडकं गुंडाळलं होतं, नाकातोंडावर दुसरं. तरी भुसा डोळ्यांत जायचा, गळ्यातून आत उतरून घामाला चिकटायचा. दुपारपर्यंत खांदे असे भरून यायचे की लापशीचा चमचा तोंडापर्यंत नेताना हात थरथरे. ती मनात स्तोत्र म्हणायची, एका ओढीला एक ओळ. स्तोत्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी सूर्य मावळला की देवाचा वार लागायचा आणि करवत थांबायची. घेवड्याचं मडकं दुपारीच निखाऱ्यांत ठेवलेलं असायचं, आणि सोमवारपर्यंत कुणी लाकडाला हात लावायचं नाही.

निघालेल्या फळ्या इतक्या रुंद होत्या की जेवणाचं टेबल एकाच फळीत झालं असतं. जोथमनं त्या हातानं कुरवाळल्या आणि मग मधोमध उभ्या चिरल्या. रुंद फळी म्हणजे जाड झाड, हे कुणालाही कळतं. गावातल्या एकाही घराच्या जमिनीत वीतभरापेक्षा रुंद फळी उघड्यावर नव्हती. माळ्यावर, पलंगाखाली, भिंतीच्या आतल्या अंगाला मात्र होत्या. चर्चचे कारभारी डीकन पेल यांच्या घरी तर रविवारी बायबल वाचायला बसायच्या जागेखालीही होत्या, असं म्हातारा सांगायचा. रानात उरलेल्या बुंध्यांवर काटक्या रचून जोथम आणि केझायानं ते जाळून टाकले. मार्चच्या मध्यापर्यंत गोठा पुन्हा उभा राहिला.

मेपलचा रस उकळायचे दिवस होते तेव्हा बातमी आली. नवा नायब मोजणीदार, हॅस्केट नावाचा, खालच्या खोऱ्यातून एकेक गाव घेत वर चढतोय. तो आता चक्कीवर थांबत नाही, थेट गोठ्यात शिरतो. नवी फळी दिसली की विचारतो, कुठून आली. आणि शपथ घालतो. शपथेला नकार दिला तर गुन्हा कबूल धरतो.

सभागृहात, प्रार्थनेनंतर, पुरुष बराच वेळ उभ्यानं बोलले. बायका दाराशी थांबल्या. ठरलं ते असं, की शरदातल्या वादळात झाडं आपोआप पडली आणि पडलेली लाकडं आपण चिरली, असं सगळ्यांनी एकच सांगायचं. आपोआप पडलेल्याला कायद्यात काय म्हणतात ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण सगळं गाव एकसारखं बोललं तर हॅस्केट कुणाकुणाला धरणार? शपथेचं काय, असं कुणीतरी विचारलं. डीकन पेल हळू आवाजात म्हणाले की चोरापुढं घेतलेली शपथ देव मोजत नाही. पाद्रीबाबा खिडकीकडे बघत राहिले. त्यांच्याही छपराच्या फळ्या नव्या होत्या.

घरी येताना जोथम म्हणाला, "सगळे बोलणार. आपणही बोलायचं."

केझाया चालत राहिली. वाटेवर चिखल आणि बर्फ एकत्र झाले होते, आणि दोघांच्या बुटांचा आवाज तेवढा होत राहिला.

मग चार दिवसांनी डीकन पेल यांची बायको टॅम्सिन अंडी मागायच्या निमित्तानं आली आणि खरी गोष्ट बोलली. हॅस्केट पुरुषांच्या शपथांना कंटाळलाय. खालच्या गावात प्रत्येकानं वादळाचंच सांगितलं, एकाच शब्दांत, तेव्हा तो हसला म्हणे. आता तो बायकांना विचारतो. आणि आधी चौकशी करतो की या गावात कोणाची बाई खोटं बोलत नाही.

"तुझं नाव सगळ्यांना माहीत आहे गं," टॅम्सिन म्हणाली. तिचा आवाज असा होता की जणू केझायानं मुद्दामच ते नाव कमावलं होतं. "बाजारात लोणी विकताना तळाला चिकटलेला ताकाचा थेंबसुद्धा निथळून देतेस. आता बघ."

तिच्याजवळ एक युक्ती होती, डीकननं सांगून पाठवलेली. हॅस्केट राजाच्या चर्चचा माणूस. तो शपथ घेताना बायबलचं चुंबन घ्यायला लावतो. आपल्यात पुस्तकाला ओठ लावणं म्हणजे मूर्तिपूजा, आपण नुसता उजवा हात वर करतो. तेव्हा केझायानं चुंबनालाच नकार द्यायचा. खोटंही बोलायला नको, खरंही बोलायला नको. धर्माचा नकार आहे, त्याला गुन्हा कोण म्हणणार?

केझायाला ते आवडलं. दोन रात्री ती बरी झोपली. तिसऱ्या दिवशी शेजारून आणलेल्या सायीचं लोणी घुसळता घुसळता तिच्या मनात आलं, आपण देवाचं नाव पुढं करून त्याच्यामागं लपतोय. घुसळणीची दांडी हातात तशीच राहिली आणि लोणी बिघडलं.

तिनं ते जोथमला सांगितलं. तो कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"मला तुरुंगात बघायचंय तुला?" त्यानं विचारलं. "तोंडावर पेरणी आलीय. बाबांच्यानं नांगर धरवत नाही. दंड भरायला बैल विकले तर काय हातानं नांगरशील?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तू काही म्हणतच नाहीस. तेच वाईट आहे." मग जरा थांबून, "राजाच्या माणसापुढची शपथ ही शपथच नव्हे, असं डीकनसुद्धा म्हणतात."

"अहो, शपथ राजा ऐकत नसतो," केझाया म्हणाली. "ऐकणारा निराळाच असतो."

जोथमनं दांडा ठोकून पक्का केला, गरजेपेक्षा जास्त वेळा. रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच वाट काढली. पलीकडच्या खोऱ्यात तिच्या बहिणीकडं तिनं आठवडाभर जावं. घरात बाईच नाही म्हटल्यावर शपथ कोणाला घालणार? गुरुवारी तो तिला बैलगाडीत बसवून सोडेल.

तिनं गाठोडं बांधलं. बहिणीसाठी मेपलच्या साखरेची वडी घेतली. देवापासून पळून कुठं जाता येत नाही हे तिला कळत होतं, पण हॅस्केटपासून जाता येत होतं, आणि ती माणूस होती.

बुधवारी सकाळी गाय अडली. गाईचं दुसरंच वेत होतं. वासराचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडलेला. जोथम शेजारच्या रानात दगड काढायला गेला होता. म्हाताऱ्यानं शेपटी धरली. केझायानं बाही खांद्यापर्यंत सरकवली, हाताला चरबी चोळली आणि तो कोपराच्या वरपर्यंत आत घातला. तो पाय सापडेपर्यंत, सापडल्यावर वळवेपर्यंत, तिला दुसरं काहीही सुचत नव्हतं. गाय कळ देई तेव्हा हाताचं हाड मोडेल असं वाटे. शेवटी वासरू सरकत, ओघळत बाहेर आलं. तिनं त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला आणि गवताच्या काडीनं नाकपुडी डिवचली. ते शिंकलं.

"जिवंत आहे," म्हातारा म्हणाला. मग त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज बदलून म्हणाला, "सूनबाई, पाहुणे आलेत."

दारात तिघे होते. पुढचा तिच्याहून लहान दिसत होता, सर्दी झालेला, उंची कोटाला चिखल लागलेला. तो छपराकडे बघत होता. मागच्या दोघांच्या हातात हातोडे होते. कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडून डीकन पेल घाईनं येताना दिसत होते, त्यांच्यामागं टॅम्सिन, आणि रानातून पळत येणारा जोथम.

"केझाया थर्लो तुम्हीच ना?" हॅस्केटनं विचारलं. नाक पुसलं. "वादळाची गोष्ट मी तीस वेळा ऐकली. आता ऐकायची नाही. पुरुषांनी कृपा करून गप्प राहावं. मला या बाईंकडून ऐकायचंय." त्यानं कोटातून लहानसं बायबल काढलं आणि पुढं धरलं. "चुंबन घ्या."

भिंतीपलीकडं डीकन जागच्या जागी थांबले.

"आमच्यात पुस्तकाला ओठ लावत नाहीत," केझाया म्हणाली.

"ठाऊक आहे," हॅस्केट म्हणाला. "खालच्या गावात दोघांनी तेच केलं. मी आता त्यावर भांडत नाही. तुमच्या पद्धतीनं हात वर करा. मला पद्धतीशी कर्तव्य नाही."

आठवडाभर सगळे ज्याच्यावर टेकून होते तो खांब असा सहज सरकला. केझायानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तो खांद्यापर्यंत रक्तानं आणि चिकट पाण्यानं माखला होता.

"हात धुऊन येऊ?"

"या."

ती बादलीशी गेली. पाणी बर्फासारखं गार होतं. तिनं हात धुतला, बोटं एकेक करून, नखं, मनगट. जोथम जवळ आला होता. तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला भीती वाटत होती. तिलाही वाटत होती. ती मनात शब्द शोधत होती, पण प्रार्थनेचे शब्द आले नाहीत. आली ती चिरलेल्या फळ्यांची आठवण, इतक्या सुंदर फळ्या आपण मधोमध चिरल्या ती. आपल्याच गोठ्याच्या फळ्या, आणि आपणच त्यांची लाज धरली.

ती परत आली. तिनं हात वर केला.

"झाडं वाऱ्यानं पडली नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमी असतो तेवढाच होता, ऐकायला हॅस्केटला मान पुढं करावी लागली. "आम्ही पाडली. तीन होती. एकावर तुमची खूण होती. वरून माझ्या नवऱ्यानं करवत धरली, खालून मी. आम्ही अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. जमीन आमची आहे, झाडं आमची होती. माझी शपथ संपली."

वासरू उभं राहायला धडपडत होतं.

हॅस्केट लिहायचं विसरला. मग त्यानं विचारलं, "आणि शेजारच्यांनी?"

"तुम्ही मला माझ्या हातून झालेल्याचं विचारलंत," केझाया म्हणाली आणि हात खाली घेतला.

म्हातारा एलिफलेट फसकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. टॅम्सिन तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरून मागं वळली. डीकन यांचा चेहरा पांढरा पडला होता. वादळाची गोष्ट आता गावात कुणालाच सांगता येणार नव्हती. जोथम चार पावलं दूर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं तिच्याकडं पाठ केली. ती पाठ बघताना केझायाला वाटलं, आपण घर मोडलं.

जोथमनं पुढच्या महिन्यात पोर्ट्समथच्या कोर्टात हजर व्हायचं, असं हॅस्केटनं लिहून दिलं. मग त्याच्या माणसांनी गोठ्यावर चढून छपराच्या फळ्या उचकटायला सुरुवात केली. प्रत्येक फळी खाली आली की एकजण हातोड्याच्या तोंडावर कोरलेल्या शिक्क्यानं तिच्यावर राजाचा बाण उमटवी. खिळे किंचाळत निघत होते. गाईच्या पाठीवर वरून धूळ आणि सालं पडू लागली. केझायानं वासराला मिठीत उचलून घरात आणलं आणि चुलीपुढं पोत्यावर ठेवलं. गाठोडं अजून दाराशीच होतं. तिनं ते पायानं बाजूला सारलं.

दुपारपर्यंत फळ्यांचा ढीग झाला. आता त्या पाच मैल खाली नदीवर न्यायच्या होत्या, आणि हॅस्केटजवळ तीन घोड्यांशिवाय काही नव्हतं. त्यानं डीकन पेल यांच्याकडं माणूस धाडला. डीकन यांच्या बैलाचा पुढचा पाय दुखावला होता. त्यांच्या पलीकडच्या घरच्या जोडीला खुरांचा रोग झाला होता. तिसऱ्या घरी एक बैल बसला होता, उठत नव्हता. माणूस सात घरं हिंडला आणि सातही घरी बैल लंगडे निघाले.

केझायाला खिडकीतून सगळं दिसत होतं. गावानं तिच्यावर राग धरला होता, तरी हॅस्केटला जू दिलं नव्हतं. पण तेही पुन्हा खोटंच होतं, वादळात पडलेल्या झाडांसारखं.

हॅस्केट अंगणात आला. आता दगडी भिंतीशी बरेच जण येऊन उभे होते, काहीजण बसले होते. टॅम्सिनही परत आली होती.

"थर्लो," हॅस्केट म्हणाला, "तुमचे बैल जुंपा."

जोथमनं जमिनीकडं बघितलं. "माझ्याही एका बैलाच्या खुरात…"

"नको," हॅस्केट म्हणाला. त्याचा संयम संपला होता, सर्दीनं डोळे लाल झाले होते. "तुम्ही सांगू नका. बाई सांगतील. बाई, इकडं या. तुमचे बैल लंगडे आहेत?"

केझाया दारातून बाहेर आली. भिंतीशी उभी असलेली माणसं तिच्याकडं बघू लागली, सकाळी बघत होती तशीच, जणू ती खड्ड्याच्या काठावर पाय ठेवतेय. जोथमनं डोळे मिटले.

"नाहीत," ती म्हणाली. "आमचे बैल धडधाकट आहेत, साहेब. पाच मैलच काय, दहाही जातील."

"मग जुंपा."

"जुंपणार नाही," केझाया म्हणाली.

हॅस्केटला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"बैलांना काही झालेलं नाही," तिनं तसंच हळू, पण एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "आमचीच इच्छा नाही. हवं तर हेही लिहून घ्या. मी हात वर करून सांगते."

वर, उघड्या गोठ्यात, गाय एकदा हंबरली. मग जोथम भिंतीपासून सुटला, चालत येऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला, आणि दोन्ही हात मागं बांधले. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला.

भिंतीपलीकडून कुणीतरी खाकरलं. डीकन पेल होते. त्यांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिले, प्रवचनात उभं राहून पाप कबूल करायची पाळी आली की माणसं फिरवतात तशी.

"आमच्या बैलाचा पाय," ते म्हणाले, "बरा आहे."

"दोन्ही बरे आहेत," मागून टॅम्सिन म्हणाली.

"आमचेही. आणि जुंपणार नाही," आणखी कुणी म्हणालं. मग आणखी एकजण.

हॅस्केटनं वही बंद केली. त्याच्या दोन माणसांनी हातोडे खाली धरले होते. त्यानं एकदा फळ्यांच्या ढिगाकडं बघितलं, एकदा घोड्यांकडं, मग मान वर करून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठ हलवत, उभी असलेली माणसं मोजली, आणि मग आपले तिघे.